एकाच रंगाच्या पट्ट्या

बार्शीच्या वाचनालयात लॅमिनेटची फरशी बसवणं हे यास्मिनचं पहिलंच स्वतंत्र काम, आणि नेमक्या शेवटच्या कोपऱ्याला पट्ट्या कमी पडल्या, तशी ती आणखी घ्यायला दुकानात आली. जुन्या लॉटची पेटी गोदामातल्या ढिगाच्या तळाशी होती. ती काढायचा कंटाळा, म्हणून दुकानदार गुलाबशेठनी नव्या लॉटची पेटी उघडली. यास्मिननं आपल्या उरलेल्या दोन पट्ट्या शेजारी ठेवल्या.

"शेठ, तुमच्या गडद आहेत. कोपऱ्यात ठिगळ दिसेल."

"बत्तीस वर्षं हाच धंदा करतोय. रंग एकच आहे."

"बरं," म्हणत तिनं सगळ्या पट्ट्या पत्त्यांसारख्या पिसल्या आणि "माझ्या दोन परत नेते," म्हणून दोन उचलून निघाली.

"अगं थांब, त्यातली एक माझी आहे."

यास्मिन वळली. "कशावरून ओळखलीत?"

शेठ गोदामाची किल्ली घेऊन उठले.