कल्हई उडालेले पातेले

राजे वेष पालटून गावोगाव हिंडत, त्या फार जुन्या काळची ही गोष्ट. एका गावात माणसे दारे लावून राहत. कुणी कुणाकडे जात नसे, कुणी काही मागत नसे, आणि याचाच त्यांना अभिमान होता!

एका हिवाळ्यात एक म्हातारा तापाने फणफणून घरात एकटाच वारला. तीन दिवस कुणाला पत्ता नव्हता. राजाने हे ऐकले आणि गावाच्या मधोमध एक सभाघर बांधून दिले. "इथे माणसे जमली पाहिजेत," तो म्हणाला. "वर्षभरात जमली नाहीत, तर मी यात कडबा भरीन."

राखणदारी एकाने मागून घेतली. त्या म्हाताऱ्याचा भिंतीपलीकडचा शेजारी तोच होता.

राखणदार कष्टाळू होता आणि तितकाच मानी. सडा त्याचा, सतरंज्या त्याच्या, पाणीही त्यानेच भरलेले. त्याने कीर्तन ठेवले, सोंगाडे आणले, दवंडी पिटली, "नुसते या, बसा, काही आणू नका!" चार माणसे आली. पाहुण्यासारखी कडेला टेकली आणि लगेच उठून गेली.

वर्ष सरत आले तसा त्याच्या जिवाला घोर लागला. तो दारात यायचा, रस्ता न्याहाळायचा, आत जाऊन झाडलेलेच पुन्हा झाडायचा. आपल्या हातून पुन्हा एकदा उशीर होणार, ही भीती त्याला बसू देत नव्हती.

शेवटच्या दिवशी त्याने गावजेवण घालायचे ठरवले. चूल पेटवली, डाळ धुतली, चिंच भिजवली आणि पातेले उघडून पाहिले, तर आतली कल्हई पार उडालेली! त्यात आमटी शिजवली असती, तर साऱ्या गावाला बाधली असती. तिकडे वेशीवर कडब्याच्या गाड्या येऊन थांबल्या होत्या.

शेजारच्या कासारणीकडे मोठे पातेले होते. राखणदार तिच्या दारापर्यंत दोनदा गेला आणि दोनदा परतला. तिसऱ्यांदा त्याने डोळे मिटून कडी वाजवली.

"काकू, पातेलं द्याल का? माझ्याची कल्हई उडालीय."

कासारणीने दार सताड उघडले. "देईन की. पण माझ्या पातेल्याला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला मला खपत नाही. चल, मीच येते."

ती आली आणि चूल पाहून तिने कपाळाला हात लावला. "अरे, वाऱ्याच्या तोंडाला चूल मांडतात का? त्या सुताराला बोलाव, आडोशाला फळी लागेल."

सुतार फळी घेऊन आला. त्याने आमटी चाखली आणि तोंड वाकडे केले. "गूळ कमी आहे."

"गूळ बरोबर आहे, तुझी जीभ बिघडलीय!" कासारीण म्हणाली.

भांडण मिटवायला माळीण आली, ती येताना गुळाची ढेप घेऊन. पत्रावळी कमी पडल्या, म्हणून राखणदार आणखी तीन दारी गेला. आता त्याचे पाय अडत नव्हते. ज्याच्याकडून जे आणले, तो आपल्या वस्तूपाठोपाठ आला आणि आपली बायकापोरेही घेऊन आला.

गाड्या सभाघराशी पोचल्या, तेव्हा आत पेंढी ठेवायलाही जागा नव्हती. "गाड्या वळवा आणि तुम्हीही पानावर बसा," सुतार गाडीवानांना म्हणाला. जणू सभाघर त्याच्याच आजोबांनी बांधले होते!

जेवणे उरकली. कासारणीने पातेले घासून पालथे घातले. "राहू दे इथंच," ती राखणदाराला म्हणाली. "उद्या पिठलं करू. आणि हे बघ, इतकी वर्षं शेजारी राहतोस, कधी वाटीभर मीठ तरी मागायचं होतंस. आम्हीही काही मागितलं असतं."

राखणदाराला भिंतीपलीकडचा म्हातारा आठवला. तापात तहान लागली असताना त्यानेही कधी हाक मारली नव्हती.

बोध : शेजारी जोडायचा असेल, तर त्याला काही देण्याआधी त्याच्याकडे काही मागायला शिकावे.