फोटोसाठी उघडलेलं घर

ही गोष्ट बाहेर कुणाला सांगायची नाही, असं मला बजावलेलं आहे. गावाच्या प्रदर्शनाची बदनामी होते, असं मोठ्यांचं म्हणणं. पण चार पिल्लं गेली, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही, आणि मला ते काही केल्या गिळवत नाही. म्हणून सांगते. गावाचं नाव तेवढं सांगणार नाही.

तर एका गावात एक सुतार होता. केरू त्याचं नाव. लोक त्याला केरूनाना म्हणत. बोलणं कमी, हात मात्र सारखा चालू.

गावाच्या वाचनालयामागे एक बाग होती. कामातून उरलेल्या फळ्यांच्या केरूनाना पाखरांसाठी पेट्या करी आणि त्या बागेतल्या झाडांना बांधी. त्याच्या पेटीला रंग नसे, नक्षी नसे. दारापुढे बसायला दांडीसुद्धा नसे, कारण दांडी ठेवली की कावळ्याला आयती बैठक मिळते. फळीला बाहेरून रंधा मारलेला असे, आतून मात्र ती खरखरीतच ठेवलेली. "आत गुळगुळीत केली तर पिल्लांनी नख रोवून वर चढायचं कसं?" असं तो म्हणे. मागची फळी तेवढी एका स्क्रूवर बसवलेली असे. पिल्लं उडून गेली की ती काढायची, जुनं गवत झाडायचं आणि पुन्हा लावायची. पिल्लं आत असताना त्या स्क्रूला हात लावायचा नाही, हा त्याचा स्वतःचाच नियम होता.

त्या पेट्यांमुळे बागेत दयाळ आले. गेलेल्या चिमण्या परतल्या. पाखरांच्या मागोमाग माणसंही आली. मुलं चिंचेखाली कागद घेऊन बसू लागली. बायका गोधड्यांवर बुलबुल आणि साळुंक्या शिवू लागल्या. दर वैशाखात वाचनालयाच्या दालनात या सगळ्याचं प्रदर्शन भरू लागलं. लांबून लोक बघायला येऊ लागले.

प्रदर्शनात केरूनानाचं नाव कुठंच नसे. त्याला त्याची सवय होती. देवळाचं दार त्याने घडवलेलं, पण वरच्या पाटीवर नाव देणगी देणाऱ्याचं. शाळेतली बाकं त्याने केलेली, त्यांवर नाव शाळेचं. तो कधी बोलून दाखवत नसे. पण देवळात जाताना त्याची नजर दर वेळी त्या पाटीकडे जाई.

एका चैत्रात शहरातून जयवंतराव आले. पाखरांचे फोटो काढणारे म्हणून त्यांचं मोठं नाव. हाताएवढी लांब लेन्स, खांद्यावर कॅमेऱ्याचं तिकाटणं, डोक्यावर हिरवी टोपी. सरपंच मंदाताईंनी त्यांना शाल आणि नारळ दिला, आणि अख्खी बाग त्यांच्या हवाली केली.

शेवग्यावरच्या पेटीत तेव्हा दयाळाची चार पिल्लं होती. आई अळी घेऊन येई, क्षणभर दारात दिसे आणि आत शिरे. जयवंतरावांनी दोन दिवस तिचे फोटो काढले. तिसऱ्या दिवशी ते कंटाळले.

"मिस्त्री," त्यांनी केरूनानाला हाक मारली, "दारातला फोटो काय, कुणीही काढतं. मला आतला पाहिजे. पिल्लं तोंड वासून बसलेली. मागची फळी निघते ना?"

"निघते, पण पिल्लं उडाल्यावर."

"अहो, पाच मिनिटांचं काम! आणि फोटोखाली तुमचं नाव टाकू. पक्षीघर: केरू सुतार. चांगलं मोठ्या अक्षरात."

केरूनानाला देवळावरची ती पाटी आठवली. तेवढ्यात त्याची बायको ठकूबाई त्याची भाकरी घेऊन बागेत आली. तिने सगळं ऐकलं होतं.

"अहो, उजेड पाहिजे म्हणून बाळंतिणीच्या खोलीची भिंत पाडतं का कुणी?" ती म्हणाली.

"पाच मिनिटांपुरतंच आहे," केरूनाना म्हणाला.

"मग पाच मिनिटांपुरतं तुमचं धोतर सोडून चावडीवर उभे राहा की! चालेल?"

बाजूला उभी असलेली माणसं हसली. केरूनानाचे कान तापले. "तुला कळत नाही त्यातलं," असं पुटपुटत त्याने खिशातला पेचकस काढला आणि आपल्या हाताने तो स्क्रू सोडवला.

पाच मिनिटांचा तास झाला, तासाचे दोन झाले. उघड्या पेटीत ऊन शिरलं. तेवढ्यानेही भागेना, म्हणून जयवंतरावांनी केरूनानाच्या हातात एक चंदेरी पडदा दिला आणि त्याची तिरीप आत पाडायला सांगितली. पिल्लं माना टाकू लागली. आई चोचीत अळी घेऊन फांदीवर आली, माणसं पाहून मागे फिरली, पुन्हा आली. मग अळी टाकून देऊन ती ओरडू लागली. दयाळाचं सकाळचं गाणं केरूनानाला पाठ होतं. हे गाणं नव्हतं. फाटलेल्या कापडासारखा कर्र कर्र आवाज होता तो.

"साहेब, पुरे आता."

"एकच, मिस्त्री. शेवटचा एकच."

अखेर ती पक्षीण भीती विसरून, पंख पसरून आणि चोच उघडून थेट पेटीसमोर झेपावली. खटकन आवाज झाला. "मिळाला!" जयवंतराव ओरडले.

जेवण मंदाताईंकडे होतं. केरूनानाला चक्क पाहुण्यांच्या शेजारचा पाट मिळाला. असा मान त्याला जन्मात मिळाला नव्हता. "फळी काय, जेवून आल्यावर लावू," असं ठरलं. कुणी ठरवलं? दोघांनीही.

तो परत आला तेव्हा दोन पिल्लं पेटीत निपचित पडली होती. उरलेली दोन पेटीत नव्हती. वरच्या फांदीवर बसून कावळा चोच पुसत होता.

केरूनानाने दोन पिल्लं शेवग्याच्या बुंध्याशी पुरली आणि फळी जागेवर लावली. आई दिवस मावळेपर्यंत त्या रिकाम्या पेटीत अळ्या आणून टाकत राहिली. हे सगळं त्याने पाहिलं आणि कुणाला सांगितलं नाही. नाव छापून येणार होतं ना!

सव्वा महिन्याने प्रदर्शन भरलं. मधल्या भिंतीवर दाराएवढा मोठा तो फोटो. दयाळाची मादी, पसरलेले पंख, उघडी चोच. खाली नाव दिलं होतं, 'ममता'. त्याखाली, चांगल्या मोठ्या अक्षरात, 'पक्षीघर: केरू सुतार'.

"काय गातेय बघा पिल्लांसाठी," लोक म्हणत होते. "आई ती आईच हो!" एका बाईंनी तर डोळ्यांना पदर लावला. पहिलं बक्षीस त्याच फोटोला मिळालं. दालन टाळ्यांनी दणाणलं. ठकूबाईने टाळी वाजवली नाही. ती नवऱ्याकडे बघत होती.

मग मंदाताई उठल्या. "आणखी एक आनंदाची बातमी," त्या म्हणाल्या. "याच जोडीने आता बकुळीवरच्या पेटीत घर केलंय. आत चार पिल्लं आहेत. पाहुणे कॅमेरे घेऊन आलेच आहेत, तर जयवंतराव आपल्याला दाखवतील हा फोटो कसा काढला ते. केरूनाना, चला, फळी काढा."

सगळ्यांनी केरूनानाकडे पाहिलं. कौतुकाने पाहिलं. त्या दालनात एवढी माणसं त्याच्याकडे पहिल्यांदाच बघत होती.

तो उठला. पण बागेकडे गेला नाही, फोटोकडे गेला. कानावरची सुतारी पेन्सिल काढून त्याने आपल्या नावावर जाड काट मारली.

"ती गात नाही," तो म्हणाला. "ती किंचाळतेय. आपण तिचं घर उघडं टाकलं म्हणून. मी तिथंच होतो. तिच्या पिल्लांवर ऊन मीच धरलं होतं. चारही त्याच दुपारी गेली."

टाळ्या वाजवणारे हात आपापल्या मांडीवर गेले. कुणी खोकलं. जयवंतराव मात्र हसले.

"मिस्त्री, मनाला लावून घेऊ नका. निसर्गात असं चालायचंच."

"निसर्गात फळीला स्क्रू नसतो, साहेब. तो तुम्ही काढायला लावलात, आणि मी काढला."

"केरूनाना!" मंदाताई दबक्या आवाजात म्हणाल्या. "पाहुण्यांसमोर हे काय? खाली बसा बरं. नंतर बोलू."

"नंतर कधी, ताई? या चौघांच्या नंतर?"

"अहो, एकच मिनिट उघडा," मागून एक पाहुणा म्हणाला. "आम्ही एवढ्या लांबून आलोय."

केरूनाना दालनातून बाहेर पडला आणि बागेच्या फाटकात जाऊन उभा राहिला. बकुळीजवळ गेला नाही, कारण माणूस जवळ आला की पक्षीण घास घेऊन आत शिरत नाही, हे त्याला ठाऊक होतं. दोन-तीन कॅमेरेवाले पुढे आले. त्याने दोन्ही हात फाटकाच्या खांबांना लावले. तेवढ्यात ठकूबाई आली आणि त्याच्या पायांशी पाय पसरून ऐसपैस बसली.

"या की आता," ती म्हणाली. "आधी मला ओलांडा, मग ह्यांना. मग बघू फळी कोण काढतंय."

एका म्हाताऱ्या बाईला ओलांडून जायची हिंमत कुणाला झाली नाही. अर्धा तास लोक घुटमळले, कुजबुजले, घड्याळं बघत राहिले. मग चहा पिऊन निघून गेले.

आता तुम्हाला वाटेल, सगळ्यांना पश्चात्ताप झाला असेल. तसं काही झालं नाही. बक्षीस परत घेतलं गेलं नाही. 'ममता' आता शहरातल्या कुठल्याशा मोठ्या दालनात टांगलेली आहे, आणि तिथंही लोक डोळ्यांना रुमाल लावतात म्हणे. पंचायतीच्या खिडक्यांचं काम केरूनानाला मिळणार होतं, ते दुसऱ्याला दिलं गेलं. "भर सभेत पाहुण्यांचा अपमान केला," एवढंच गावाच्या लक्षात राहिलं. मेलेली पिल्लं कुणाच्याच लक्षात राहिली नाहीत. अपमान झाला तो पाहुण्यांचाच, असं सगळे धरून चालतात. त्या पक्षिणीचा जो झाला, त्याला काय म्हणायचं?

केरूनानाने त्याबद्दल कुणाकडे तक्रार केली नाही. आपण दुसरी फळी काढली नाही म्हणून पहिली काढल्याचं पाप फिटलं, असंही तो मानत नाही. तो रोज सकाळी फाटकाशी उभा राहून लांबूनच बकुळीकडे बघत असे. दहाव्या दिवशी पेटीच्या दारात एक पिल्लू आलं. आतल्या खरखरीत फळीवर नख रोवत ते वर चढलं होतं. दारात थोडं डुगडुगलं आणि धपकन खालच्या झुडपात उतरलं. मग दुसरं. मग तिसरं. चौथ्याने दुपार केली. आई झुडपाभोवती शेपटी उडवत फिरत होती, आणि नर बकुळीच्या शेंड्यावर बसून गात होता. खरोखर गात होता.

त्याचा फोटो कुणाकडेच नाही.

तात्पर्य: ज्याचं रूप आपण चित्रात घेतो, त्याचा जीव त्या चित्राहून मोठा असतो. दुसऱ्याचं घर उघडं पाडून मिळवलेल्या चित्राला कितीही मोठी चौकट घातली, तरी ती कला होत नाही. आणि असं चित्र कसं मिळालं हे न विचारता टाळ्या वाजवणाराही त्या पापात वाटेकरी असतो, कारण त्या दिवशी दालनात पुढच्याच रांगेत बसून मीसुद्धा दोन्ही हातांनी—

आतून आईची हाक आली, "अगं ए, किती हाका मारायच्या? ये बघू आधी इकडे!"