सुपावरची चाल

फार जुन्या काळी, राजे स्वतः मांडी घालून गाणं ऐकत तेव्हाची ही गोष्ट. एका राज्यात एक बाई राहायची. ती गाण्यांना चाली लावायची. पण बाईनं चाल बांधून दरबारात आणणं शोभत नाही, अशी तिथली समजूत. म्हणून तिच्या चाली तिचा नवरा गायचा. तो राजगवई झाला. लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं.

पुढे तो वारला आणि तिनं एका वीणावादकाशी पाट लावला. आता तिच्या चाली वीणेवर वाजू लागल्या, आणि हाही राजाचा लाडका झाला. माणसं दोघंही वाईट नव्हती. "तुझं ते माझंच की गं," असं दोघंही प्रेमानं म्हणत. "माझं ते तुझं" असं मात्र कुणी कधी म्हटलं नाही.

दुसराही गेला. बाई म्हातारी झाली. त्याच सुमारास राजानं नवं देऊळ बांधलं. रोज पहाटे ज्या भजनानं आपण जागे होतो, त्याची चाल बांधणाऱ्याचं नाव देवळाच्या खांबावर कोरायचं, असं त्यानं ठरवलं.

झालं! दोघांचे शिष्य हमरीतुमरीवर आले. त्या भजनात चार ठोके झाले की गाणं क्षणभर थांबायचं. तो थांबा आपल्याच गुरुजींचा, म्हणून चालही त्यांचीच, असं दोन्ही बाजू म्हणू लागल्या.

"आमचे गुरुजी तिथं विडा या गालातून त्या गालात सारत!" गवयाचे शिष्य म्हणाले.

"छे! आमचे गुरुजी तिथं सैल पडलेली तार पिळत," वीणावादकाचे शिष्य म्हणाले.

आणि खरंच, पहिले शिष्य गाताना तिथं थांबून विडा सारायचे, दुसरे चांगली लागलेली तारही पिळायचे. गुरूची खोड म्हणजेच विद्या, असं समजणारे शिष्य काय थोडे असतात?

म्हातारी दरबारात आली. डोळे मिटायच्या आत एकदा तरी आपली चाल आपली म्हणून ऐकावी, एवढीच तिची आस होती. "महाराज, ही चाल माझी आहे," ती म्हणाली.

दरबार खो खो हसला. "आईसाहेब, तुम्ही आम्हाला पोटभर जेवू घातलंत, तेवढं पुष्कळ झालं," एक शिष्य म्हणाला.

"जेवू घातलं ना रे? मग एक सूप आण आणि पायलीभर तांदूळ."

ती खाली बसली आणि पाखडता पाखडता भजन म्हणू लागली. सूप चारदा उडालं आणि हात थांबला. दिसलेला खडा तिनं वेचून टाकला. भजनही नेमकं तिथंच थांबलं. पुन्हा चारदा सूप, पुन्हा थांबा. शिष्यांच्या माना खाली गेल्या. ज्याच्या तोंडात विडा होता, त्याला तो गिळावा की थुंकावा ते कळेना.

राजा उठून उभा राहिला. "पाथरवटाला बोलवा! आजी, नाव सांगा तुमचं."

म्हातारीनं तोंड उघडलं आणि ती अडली. पहिल्या लग्नात तिचं एक नाव ठेवलं होतं, दुसऱ्यात दुसरं. आईनं ठेवलेल्या नावानं तर साठ वर्षांत कुणी हाक मारली नव्हती. पाथरवट छिन्नी धरून उभा राहिला.

"थांब बाबा, आठवतेय," ती म्हणाली. मग हळूच म्हणाली, "भिवरा." आणि तिला रडू कोसळलं.

नाव खांबावर कोरलं गेलं. बाकीच्या शेकडो चाली मात्र आजही त्या दोघांच्याच नावानं गातात, कारण त्यातली कुठली आपली हे सांगायला म्हातारी पुढे फार दिवस राहिली नाही.

तात्पर्य: ज्याचं श्रेय त्याला वेळेवर द्यावं; फार उशीर केला, तर घेणाऱ्याला आधी स्वतःचं नाव आठवावं लागतं.