धूळपाटीवरची फुंकर

फार फार वर्षांपूर्वी, दगडी पाटीसुद्धा कुणी पाहिली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. डोंगराखालच्या एका गावात एक गुरुजी होते. मुले लाकडी फळीवर बारीक माती पसरून बसत. हीच त्यांची धूळपाटी. गुरुजी प्रत्येकाच्या पाटीवर बोटाने एक अक्षर काढून देत आणि मुले ते गिरवत.

अक्षर काढताना गुरुजी गुणगुणत. पाणवठ्यावरच्या बायकांना त्यावरून कळे, शाळा भरली.

एकदा गुरुजींची पाठ वळताच पाटलाच्या मुलाने आपल्या पाटीवर हळूच फुंकर मारली.

"गुरुजी, माझं अक्षर राहिलं."

"अरे, आत्ताच काढलं ना?"

"नाही गुरुजी. बघा की, माती कोरी आहे."

गुरुजींनी हसून पुन्हा काढले. दुसऱ्या दिवशी चौघांनी फुंकर मारली. मग रोज कुणी ना कुणी.

"आता गुरुजींना त्यांचं नावच लिहून देऊ या, नाहीतर तेही विसरतील," पाटलाचा मुलगा कुजबुजला. मुले पाटीआड तोंड लपवून हसली. शेवटच्या रांगेतली एक मुलगी हसली नाही. पण बोललीही नाही.

हळूहळू गुरुजी प्रत्येक पाटीपाशी दोनदा जाऊ लागले. घराची कडी लावली का, हे बघायला अर्ध्या वाटेतून परत फिरू लागले. त्यांचे जेवण कमी झाले. गुणगुणणे थांबले.

एका सकाळी ते गावकऱ्यांना म्हणाले, "माझ्या डोक्याचा आता भरवसा नाही. पोरांचं नुकसान नको." आणि गाठोडे घेऊन निघाले.

ती मुलगी गावाच्या शिवेपर्यंत धावत गेली.

"गुरुजी, तुम्ही काहीच विसरत नव्हता. मुलं फुंकर मारून पुसत होती. मी बघत होते."

गुरुजींनी गाठोडे खाली ठेवले.

"म्हणजे मी रोज लिहीत होतो?"

"रोज. सगळ्यांना."

"मग पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस, बाळ?"

तिने खाली वाकून त्यांचे गाठोडे उचलले आणि गावाकडे वळली.

गुरुजी परत आले. मुलांनी पाय धरले, त्यांनी क्षमाही केली. पण अक्षर काढून झाले की ते विचारत, "दिसतंय ना?" गुणगुणणे मात्र परत आले नाही.

ती मुले पुढे म्हातारी झाली. तरी सकाळी पाणवठ्यावरून जाताना क्षणभर थांबत आणि शाळेच्या दिशेला कान देत.

तात्पर्य: गंमत म्हणून हिरावलेला माणसाचा स्वतःवरचा विश्वास क्षमा मागून परत देता येत नाही.