जोडीतला उरलेला तंबोरा

एकदा एका तंबोरेकाराची जिवापाड जपलेली जोडी फुटली. फुटली ती त्याच्या शिष्याच्या हातून. पण त्यात शिष्याचा अपराध नव्हता.

तंबोरेकार ऐंशीच्या घरातला होता. नदीकाठच्या त्या गावात सारे त्याला वस्ताद म्हणत. त्याच्या दुकानात भिंतीला टेकून दोन तंबोरे उभे असत, एकाच वेलीवरच्या दोन भोपळ्यांचे. ते भोपळे त्याच्या पत्नीने निवडले होते. ती थट्टेने म्हणे, "या घरात न भांडणारे हे दोघेच." ती गेल्यावर वस्तादांनी ती जोडी कोणाला विकली नाही. जोडीतला एकच तंबोरा मागणाऱ्या गिऱ्हाइकाला तर त्या दुकानातून पाणी देऊन परत पाठवीत. जोडी वेगळी करायची नाही, हा तिथला दंडक होता.

शिष्याचे नाव सुदाम. वय चौतीस, घरी पत्नी आणि शाळेत जाणारी मुलगी. त्याला आतड्याच्या दाहाचा जुना विकार होता. सात वर्षे औषधे झाली, अखेर शस्त्रक्रिया करून आतड्याचा दीड वीत भाग काढला आणि उरलेली टोके सांधली. वर्षभर बरे गेले. मग दाह परतला, आणि परतला तो नेमका त्या सांध्यावर. एका सकाळी तंबोरा पुसत असताना पोटात अशी कळ उठली की हातातली वस्तू सुटली. भोपळ्याचे पाच तुकडे झाले. वस्तादांनी तुकडे गोळा केले, सुदामला पाणी पाजले आणि एवढेच म्हणाले, "सांध म्हणजे झाले."

सुदामने तुकडे सरसाने जोडले, आतून कापडाची पट्टी दिली, तारा चढवल्या. त्यानंतर दीड महिना तो एकाच उद्योगात होता. जोडीतला न फुटलेला, धडका तंबोरा छेडायचा, कान द्यायचा, मग सांधलेला छेडायचा. तारांखालची घोडी घासायची, स्वराला गुंज देणारा जवारीचा दोरा सरकवायचा, पुन्हा ऐकायचे. सांधलेला तंबोरा दुसऱ्यासारखा काही बोलेना.

त्याच काळात जिल्ह्याच्या गावी डॉक्टरबाईंनी त्याच्यापुढे एक कागद ठेवला होता. त्यावर तीन उपाय लिहिले होते. पहिला, दर दोन महिन्यांनी शिरेतून द्यायचे नवे औषध. त्याने दाह शमण्याचा संभव बरा, पण शरीराची राखण थोडी ढिली पडते, क्षयासारख्या रोगांवर नजर ठेवावी लागते. दुसरा, रोजची नवी गोळी. घ्यायला सोपी, परंतु रक्तात गुठळी होण्याचे भय अगदीच नाही असे नाही. तिसरा, पुन्हा शस्त्रक्रिया. आतडे आणखी तोकडे होणार, आणि कदाचित काही काळ पोटावर पिशवी.

"यातल्या कशाने मी पूर्वीसारखा होईन?" सुदामने विचारले होते.

"पूर्वीसारखे कशानेच नाही," बाई म्हणाल्या होत्या. "पण महिन्याभरात ठरवा. सांधा आकसतो आहे. आतडे बंद पडले, तर मग ठरवायला काही उरणार नाही."

त्या महिन्याचे तेवीस दिवस उलटले होते. कागद खिशात घडीवर फाटत चालला होता. पत्नीने विचारले की तो म्हणे, "एकही धड नाही." अंगावरचा सदरा खांद्यावरून उतरू लागला होता.

चोविसाव्या दिवशी त्याने हट्टाने सांधलेल्या तंबोऱ्याच्या तारा ताणल्या. दुसरा काळी दोनच्या उंच पट्टीत होता, तिथवर याला न्यायचेच. खुंटी पिळली आणि भोपळ्याचा सांधा करकरला.

"थांब," वस्ताद म्हणाले.

त्यांनी काठी टेकत उठून धडका तंबोरा उचलला, त्याला कापडी गवसणी घातली आणि पलीकडच्या गल्लीतल्या मुलींच्या गायनशाळेतल्या बाईंना हाक मारली. तंबोरा त्यांच्या हाती देऊन म्हणाले, "वापरा. परत आणू नका."

बाई गोंधळल्या. "वस्ताद, ही जोडी ना?"

"होती," वस्ताद म्हणाले.

बाई गेल्यावर सुदाम वस्तादांकडे वळला. "काकूंचा तंबोरा होता तो. माझ्यावर राग काढायचा तर मला बोला. त्याला का घालवलेत?"

"राग असता तर तुला घालवला असता. तू स्वस्तात सुटला असतास." म्हातारा खाली बसला. त्याची नजर भिंतीकडे होती. तिथे तंबोऱ्यांच्या टेकण्याने पडलेले जुन्या तेलाचे दोन गोल डाग होते आणि एकापुढे आता काहीच नव्हते. त्याने काठी बाजूला ठेवली. मग म्हणाला, "दीड महिना तू या गरिबाला एकच प्रश्न विचारलास, की त्याच्यासारखा वाजशील का? तो बिचारा खरे बोलला, नाही म्हणाला. त्यावर तू त्याचे कान पिळत बसलास. आज तो दुसऱ्यांदा फुटला असता. खिशातल्या कागदाशीही तू हेच चालवले आहेस. तीन उपाय एकमेकांशेजारी ठेवून पाहा म्हणून डॉक्टरबाईंनी दिले. तू प्रत्येकाला आजारापूर्वीच्या सुदामशेजारी उभे करतोस आणि नापास करतोस. तो सुदाम गेला रे. माणूस गेले की आपण दहा दिवस सुतक पाळतो, अकराव्या दिवशी चूल पेटवतो. त्याच्यासाठी तू सुतकही पाळले नाहीस आणि चूलही पेटवली नाहीस."

सुदामची मान खाली गेली. तो रडला, तेव्हा वस्तादांनी त्याला उगी म्हटले नाही.

काही वेळाने त्याने डोळे पुसून विचारले, "मग कोणता उपाय घेऊ? तुम्ही सांगाल तो घेतो."

"मी भोपळ्यातला माणूस. आतड्यातले डॉक्टरबाईंना विचार. पण आधी याला विचार, तुला कोणता स्वर झेपतो?"

सुदामने तारा उतरवल्या. अर्धा स्वर, आणखी अर्धा, मग आणखी. पांढरी एकच्या खालच्या पट्टीवर येताच करकर थांबली. शेजारी ताडून पाहायला आता कोणी नव्हते, म्हणून तो प्रथमच याचाच आवाज ऐकत राहिला. आवाज खोल होता, थोडा घोगरा, लवकर विरणारा. पूर्वीचे त्यात फार थोडे होते. पण त्या स्वरात कोणी गाईल, असा तो होता.

दुसऱ्या दिवशी तो डॉक्टरबाईंकडे गेला. कागदाच्या पाठीवर त्याने रात्री पत्नीसमवेत दोन ओळी लिहिल्या होत्या: कामाच्या बैठकीवर सलग दोन तास बसता यावे, मुलीचे शिक्षण पुरे होईपर्यंत असावे. बाईंनी त्या वाचल्या, आणि दोघांनी तीन उपाय त्या दोन ओळींशी ताडून पाहिले. सुदामच्या वडिलांना पायात गुठळी झाली होती, म्हणून गोळी मागे पडली. सांध्यात अजून वाट होती, म्हणून शस्त्रक्रिया राखून ठेवली. क्षयाची तपासणी करून शिरेतले औषध सुरू करायचे ठरले.

"लागू पडेलच, असे मी म्हणत नाही," बाई म्हणाल्या.

"नका म्हणू," तो म्हणाला. "पडले नाही, तर पुन्हा बसू."

संध्याकाळी तो दुकानात परतला. गल्लीपलीकडून मुलींच्या आवाजामागे धडका तंबोरा वाजत होता. वस्ताद डोळे मिटून तो ऐकत होते, आणि त्यांचा एक हात भिंतीवरच्या रिकाम्या डागावर होता. सुदाम त्यांच्याशेजारी बसला. त्याने सांधलेला तंबोरा मांडीशी घेतला आणि पांढरी एक लावली.

आजाऱ्याने उपायाची तुलना उपायाशी करावी. गेलेल्या दिवसांसाठी रडावे. त्यांना तराजूत घालू नये.