दाराशी पडलेला चुरा

जंगल संपून वस्ती जिथे सुरू होते, तिथल्या बांबूच्या बेटाशेजारी एक कुत्रा राहत असे. एकटा नव्हे बरं का, मुलांनो. सुपे आणि टोपल्या विणणाऱ्या गोजराबाईच्या घरी त्याचा मुक्काम होता. पिल्लू असताना तो ओढ्याच्या चिखलात रुतून बसला होता. गोजराबाईने त्याला पदरात गुंडाळून घरी आणले आणि आपल्या शेळीचे दूध पाजून वाढवले. तेव्हापासून बाई म्हणजेच त्याचे सारे जग झाले. ती ओसरीवर बसून, पायाच्या बोटांत बांबूची कांबी धरून सूप विणायची आणि हा तिच्या पायाशी हनुवटी टेकून पडायचा.

पुढे गावातल्या लोकांचे सुपे घ्यायला घरी येणे कमी झाले आणि बाईला लांबलांबच्या बाजारांना जावे लागू लागले. कुत्र्याला बरोबर न्यावे, तर बाजारातली कुत्री त्याला फाडून खातील. म्हणून ती त्याला घरात ठेवून बाहेरून कडी घालू लागली. पहिल्याच दिवशी परत येऊन पाहते, तर चपलेचा अंगठा कुरतडलेला. पुढच्या खेपेला उशीची चाळण झाली. मग तर स्वारीने नव्या सुपांचे काठच चावायला घेतले. बाई रागावली की हा कान पाडून कोपऱ्यात बसायचा, आणि दाराला कडी लागली की पुन्हा तेच. चुलीजवळ लोळणारी मांजर मिशा पुसत म्हणे, "लाडावून ठेवलंय नुसतं. मस्ती आलीय त्याला, दुसरं काय."

बाईलाही ते पटू लागले होते. तिने एक युक्ती केली. कडुनिंबाचा पाला वाटून त्याचा रस काढला आणि सगळ्या सुपांच्या काठांना तो आपल्या हातांनी चांगला चोळचोळून लावला. "आता लाव तोंड," असे कुत्र्याला बजावून ती बाजाराला गेली. संध्याकाळी येऊन दार उघडते तर काय, माळ्यांच्या घरच्या लग्नासाठी विणलेल्या सुपाचा काठ पार उसवून पडला होता. लग्नाला सूप कोरे आणि अखंड लागते. असले कुरतडलेले सूप मांडवात कोण ठेवील?

गोजराबाईने ते सूप उचलून कुत्र्यापुढे धरले. "पोटच्या पोरासारखं वाढवलं रे तुला," ती म्हणाली, "आणि तू माझ्याच पोटावर उठलास. आता पुरे झालं. उद्या धनगर इथून घाट उतरून जातील, त्यांच्या हवाली करते तुला."

कुत्र्याला सगळे समजले. आपण असे का वागतो, हे त्याचे त्यालाही धड सांगता येत नव्हते. कडी वाजली की छातीत धडधडू लागते, घर एकदम भलेमोठे वाटते, आणि बाईच्या हाताचा वास असलेले काहीतरी दातांत धरले की तेवढ्यापुरते बरे वाटते, एवढेच त्याला ठाऊक होते. तो खाली मान घालून म्हणाला, "जा म्हणालीस तर जाईन, बाई. तू मला चिखलातून काढलंस, ते मात्र कुठंही गेलो तरी विसरणार नाही."

तेवढ्यात बुटक्या भिंतीपलीकडून म्हातारी शेळी बोलली. "जरा थांबा, गोजराबाई. खाण्यातलं मला थोडंफार कळतं. जन्मभर दुसरं काही केलंच नाही मी. खाणारा गिळतो. यानं काय गिळलंय सांगा बरं?"

बाईने पाहिले. सुपाचा सगळा चुरा दाराच्या उंबऱ्याला लागून पडला होता.

"तुम्ही ज्या दारानं जाता, तिथंच बसून चावत होता तो," शेळी म्हणाली. "कोपऱ्यातल्या जुन्या टोपल्यांना कधी तोंड लावलंय का यानं? ज्यावर तुमचा हात ताजा फिरलेला असतो, नेमकं तेच उचलतो. कडुनिंब मी आवडीनं खाते, पण कुत्र्याला तो सोसत नाही. तरी चावला, कारण तुम्ही तो स्वतःच्या हातानं चोळलात. आता एकदा त्याचं तोंड उघडून बघा, म्हणजे मस्ती कुठं आहे ते दिसेल."

बाईने कुत्र्याचा जबडा हलकेच उघडला. हिरड्या रक्ताळल्या होत्या आणि दातांच्या फटीत बांबूची कुसळे रुतली होती. बाईला रडूच आले. एकेक कुसळ काढताना ती म्हणत होती, "मला वाटलं, माझ्यावर राग काढतोस. चुकलं रे माझं." कुत्रा तिचा हात चाटत राहिला.

दुसऱ्या दिवशी धनगर आले तसे पुढे निघून गेले. लग्नाचे सूप बाईने नव्याने विणले आणि ते मुहूर्ताआधी पोचलेही. मग तिने आपल्या जुन्या लुगड्याला घट्ट गाठी मारून त्याचे एक बोचके कुत्र्याला चावायला दिले. शेळीला त्याच्या सोबतीला आत बांधले. आधी बाई नुसती विहिरीपर्यंत जाऊन परत येई, मग मळ्यापर्यंत, मग पलीकडच्या वाडीपर्यंत. बाई जाते तशी परत येते, हे कुत्र्याला असे हळूहळू पटले. मधे आणखी एका चपलेचा बळी गेला, नाही असे नाही. पण बाईने ती मुकाट्याने शिवून घेतली.

आता बाजारातून येताना बाई शेळीसाठी शेवरीच्या पाल्याची जुडी आणते. ती जुडी शेळीपर्यंत पोचवण्याचा मान कुत्र्याचा. शेळी दोन पावलांवर असली तरी तो कुणाला हात लावू देत नाही. तोंडात धरून नेतो आणि तिच्यापुढे अलगद ठेवतो. त्यातले एक पानसुद्धा त्याच्या दाताने चुरगळलेले नसते.

तात्पर्य : नासधूस दिसली की शिक्षा ठरवण्याआधी करणाऱ्याचे दुखणे शोधावे, आणि आपले दुखणे ज्याने ओळखले, त्याचे उपकार जन्मभर स्मरावेत.