टिकली आणि शीचा दगड

समुद्रापलीकडे, खूप खूप लांब, एक रान होतं. तिथे कांगारू उड्या मारायचे. तिथेच एक टिकली राहायची.

टिकली एक क्वोल होती. क्वोल म्हणजे कोण? मांजर नाही. मुंगूस नाही. उंदीर तर नाहीच नाही! क्वोल म्हणजे क्वोल. नाक गुलाबी. अंग तांबूस. अंगभर पांढरे पांढरे ठिपके. पार शेपटीच्या टोकापर्यंत ठिपके. कांगारूच्या आईला पोटाशी पिशवी असते ना? तशी क्वोलच्या आईलाही असते. टिकली आधी त्या पिशवीत होती. तेव्हा ती होती भाताच्या शिताएवढी. मग थोडी मोठी झाली. मग आईच्या पाठीवर डोकं टेकून निजायला लागली. मग आणखी मोठी झाली. आणि क्वोल मोठे झाले की आई एका वाटेनं जाते, पिल्लं आपापल्या वाटेनं जातात. त्यांची रीतच तशी.

टिकली एकटी राहू लागली. एकटी उठायची. एकटी किडे पकडायची. एकटी उन्हात बसायची. फार फार एकटं वाटायचं तिला.

पूर्वी त्या रानात खूप क्वोल होते. मग माणसांनी झाडं तोडली. पोकळ ओंडके जळणाला नेले. लांबून कोल्हे आले. क्वोल कमी झाले, कमी झाले, कमी झाले. आता कुठे कोण उरलंय, कोणालाच माहीत नव्हतं.

ओढ्यापलीकडे एक सपाट दगड होता. तो होता शीचा दगड.

हसू नका! खरंच शीचा दगड. सगळे क्वोल तिथेच शी करतात. एक येतो, करून जातो. दुसरा येतो, वास घेतो. "अच्छा! कोणीतरी येऊन गेलं वाटतं!" मग तोही थोडी करतो. ती त्यांची चिठ्ठी. चिठ्ठीत काय असतं? एवढंच असतं, "मी आहे हं."

ओढ्यावर एक ओंडका आडवा पडलेला होता. टिकली रोज त्यावरून पलीकडे जायची. तुरुतुरु तुरुतुरु! दगडाचा वास घ्यायची. हुंग हुंग! रोज एकच वास यायचा. तिचा स्वतःचाच.

एके दिवशी काय झालं? टिकली गेली. तुरुतुरु तुरुतुरु! वास घेतला. हुंग हुंग! आणि थबकली. नवा वास! दुसऱ्या क्वोलचा वास! टिकलीचं काळीज धडधड उडायला लागलं. तिला लगेच उत्तर द्यायचं होतं. पण शीच येईना! पोट रिकामं होतं, काय करणार बिचारी?

"आता खाते. उद्या येते," टिकली म्हणाली.

दुसरा दिवस उजाडला. टिकली धावत आली. तुरुतुरु तुरुतुरु! बघते तर काय? ओढ्यावर ओंडका नाही!

खाली पाणी. खळाळ खळाळ! केवढं जोरात! टिकली केवढीशी!

"आता मी पलीकडे जाऊ कशी? मी उत्तर दिलं नाही, तर त्याला वाटेल इथे कोणीच नाही. मग तो निघून जाईल. लांब लांब जाईल. परत यायचाच नाही."

टिकलीला रडू आलं. पण चिखलात तिला एक रेघ दिसली. लांबच लांब रेघ. कोणीतरी ओंडका ओढत नेला होता. टिकली रेघेवरून निघाली. तुरुतुरु तुरुतुरु!

रेघ गेली एका शेतावर. शेतावर एक कोंबड्यांचं खुराडं होतं. खुराड्याच्या दाराला टेकू होता. कशाचा टेकू? टिकलीच्या ओंडक्याचा! आणि बाजूला उभ्या होत्या नोरीन काकू. डोक्याला रुमाल, हातात दाण्यांची बादली.

"काकू काकू, ओंडका द्या ना! मी पलीकडे जाऊ कशी?"

"अगं बाई! क्वोल!" काकूंनी बादली खाली ठेवली. "माझ्या कोंबड्या पळवणारी तूच ना गं?"

"दार उघडं असलं की पळवते," टिकली म्हणाली. "मी क्वोल आहे. मी गवत खात नाही."

"खरं बोलतेस, पण आगाऊच आहेस! म्हणूनच मी टेकू लावलाय. ओंडका देईन की! पण दार लागलं तर. दार लागेना, मी ओंडका देईना. जा, दाराला सांग."

टिकली गेली दाराकडे. तुरुतुरु तुरुतुरु!

"दारा दारा, लाग ना! काकू ओंडका देईनात. मी पलीकडे जाऊ कशी?"

दार हललं. कुईईई कुईईई!

"लागेन की! पण कडी बसली तर. कडी बसेना, मी लागेना. जा, कडीला सांग."

टिकली गेली कडीकडे. उडी मारून वर चढली. टप!

"कडी कडी, बस ना! दार लागेना, काकू ओंडका देईनात. मी पलीकडे जाऊ कशी?"

कडी लटकत होती. खुळखुळ खुळखुळ!

"बसेन की! पण खांब ताठ झाला तर. खांब गेलाय तिकडे, मी लोंबतेय इकडे. खांब ताठ होईना, मी बसेना. जा, खांबाला सांग."

टिकली गेली खांबाकडे. तुरुतुरु तुरुतुरु!

"खांबा खांबा, ताठ हो ना! कडी बसेना, दार लागेना, काकू ओंडका देईनात. मी पलीकडे जाऊ कशी?"

खांब अगदी तिरका झाला होता. करकर करकर!

"होईन की! पण गाय थांबली तर. दिवसभर येते आणि मला अंग घासते. मी म्हातारा, ती केवढी जाडजूड! गाय थांबेना, मी ताठ होईना. जा, गाईला सांग."

ऊन वर चढलं. टिकलीनं मागे वळून पाहिलं. ओढा दिसत होता. पलीकडचा दगड दिसत होता. दगडावर कोणी नव्हतं.

टिकली गेली गाईकडे. तुरुतुरु तुरुतुरु!

"गाई गाई, थांब ना! खांब ताठ होईना, कडी बसेना, दार लागेना, काकू ओंडका देईनात. मी पलीकडे जाऊ कशी?"

गाय अंग घासत होती. खसाखसा खसाखसा! तिच्या पायाशी तिचं वासरू बसलं होतं. खुराड्यात कोंबड्या एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. सगळ्यांना कोणी ना कोणी होतं. टिकलीला कोणी नव्हतं. तिनं पटकन दुसरीकडे पाहिलं.

"हम्मा! थांबेन की!" गाय म्हणाली. "पण गोमाश्या उडाल्या तर. पाठीवर बसतात, मला चावतात, मला खाज सुटते. गोमाश्या उडेनात, मी थांबेना. जा, गोमाश्यांना सांग."

टिकली गाईच्या शेपटीवरून वर चढली. सरसर सरसर! पाठीवर गोमाश्याच गोमाश्या! काळ्या काळ्या, जाड्या जाड्या.

"गोमाश्यांनो गोमाश्यांनो, उडा ना! गाय थांबेना, खांब ताठ होईना, कडी बसेना, दार लागेना, काकू ओंडका देईनात. मी पलीकडे जाऊ कशी?"

गोमाश्या हसल्या. गुंऽऽ गुंऽऽ गुंऽऽ!

"उडू की! पण कोणी आम्हाला खायला आलं तर! आम्ही कोणाला घाबरतो? इथे आम्हाला खाणारं आहेच कोण? कोणीच नाही!"

"कोणीच नाही?" टिकलीनं विचारलं.

"कोणीच नाही, कोणीच नाही! गुंऽऽ गुंऽऽ!"

टिकलीला राग आला. सगळं रान तेच म्हणत होतं. दगड तेच म्हणत होता. ओढा तेच म्हणत होता. आणि आता या माश्या पण! टिकलीनं नाक वर केलं. मिश्या ताठ केल्या. सगळे बारीक बारीक, टोकदार दात दाखवले.

"मी आहे ना!" ती म्हणाली.

आणि मारली झेप. टपाक! एक गोमाशी गट्ट. टपाक! दुसरी गट्ट. टपाक टपाक टपाक! कुरुम कुरुम कुरुम!

"बाप रे! क्वोल आला, पळा पळा!" गोमाश्या ओरडल्या.

मग काय विचारता!

गोमाश्या उडाल्या. गुंऽऽ!

गोमाश्या उडाल्या, गाय थांबली. हम्मा!

गाय थांबली, खांब ताठ झाला. करकर करकर, टक्क!

खांब ताठ झाला, कडी बसली. खट!

कडी बसली, दार लागलं. धप!

दार लागलं, आणि काकू धावत आल्या. त्यांनी दार ओढून पाहिलं. उघडेना. ढकलून पाहिलं. हलेना. आतून कोंबडी म्हणाली, "कॉक कॉक कॉक! आता ये बघू, ठिपकेवाले!"

"घे गं बाई तुझा ओंडका," काकू म्हणाल्या. "पण तुला एवढा कशाला हवाय?"

"ओढ्यावर टाकायला. माझा पूल आहे तो."

काकू हळूच म्हणाल्या, "मला वाटलं, पडलेलं लाकूड आहे, कोणाचंच नसणार. चुकलंच माझं."

काकूंनी ओंडक्याला दोर बांधला. ओढला. खरड खरड! खरड खरड! पुढे काकू, मागे ओंडका, ओंडक्यावर टिकली. ओढ्यापाशी आल्या. काकूंनी ओंडका आडवा टाकला. धबाक!

टिकली निघाली. तुरुतुरु तुरुतुरु! ओढा ओलांडला. दगडावर चढली. वास घेतला. हुंग हुंग!

कालचा वास होता. पण अगदी पुसट. नवा वास नव्हता. तो आज आलाच नव्हता.

"उशीर झाला," टिकली म्हणाली. "गेला वाटतं तो."

तरी तिनं उत्तर दिलं. पोट गोमाश्यांनी गच्च भरलेलं होतं, त्यामुळे या वेळी काही अडचण आली नाही. मग ती दगडाजवळ बसून राहिली. एक पान पडलं. टिकलीनं कान टवकारले. कोणी नव्हतं. एक पक्षी उडाला. टिकलीनं मान वळवली. कोणी नव्हतं. सावल्या लांब लांब झाल्या. टिकली एकटीच उठली. एकटीच ओंडक्यावरून परत आली. या वेळी तुरुतुरु नाही. हळू... हळू... हळू.

पलीकडे काकू अजून उभ्या होत्या.

"भेटलं का गं कोणी?"

टिकलीनं मान हलवली. नाही.

"उद्या बघ हं," काकू म्हणाल्या. "ओंडका आता इथेच राहील. कोणी हात लावला तर माझ्याशी गाठ आहे!"

उद्याचा दिवस उजाडला. टिकली उठली. जावं की न जावं? गेली. ओंडक्यावरून गेली. दगडावर चढली. तिची कालची शी तिथेच होती. गोमाश्यांचे पंख चमकत होते त्यात.

आणि तिच्या शेजारी?

तिच्या शेजारी आणखी एक शी होती. अगदी चिकटून. टिकलीनं नाक खाली नेलं. हुंग हुंग! तोच वास! परवाचाच वास! पण पुसट नाही, शिळा नाही. टिकलीनं नाक आणखी जवळ नेलं.

अजून गरम होती!

शीचा वास वाईट असतो, असं आपण म्हणतो ना? टिकलीला विचारून बघा. ती म्हणेल, साऱ्या रानात एवढा छान वास दुसरा नाही.

गोष्ट गेली ओढ्यापार, आता निजा गपगार.